सिग्नलला बंद पडणारी मारुती, घाटात थांबणारी पद्मिनी

प्रश्न : वडिलांची १९९६ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. सकाळी चोक ओढला की लगेच स्टार्ट होते पण गरम झाली की मुंबई नाका, द्वारका, जिथे सिग्नल लागेल तिथे बंद. रेस देत राहिलं तर चालते, हायवेला काही त्रास नाही. मेकॅनिकने दोनदा स्क्रू फिरवून दिले, आता पेट्रोलचा वास येतो आणि अॅव्हरेज पण पडलं. तो म्हणतो कार्ब्युरेटरच बदला. बदलू का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही, एवढ्यात अजिबात बदलू नका. रेस दिली की चालते म्हणजे पंप पेट्रोल देतोय, मेन जेटही (रेसवर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) बहुतेक ठीक आहे, लोच्या आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना आहे. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, आयडलसाठी पेट्रोलची वाट वेगळी असते, बारीक जेट आणि बारीक भोकं, थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी झडप) बंद असताना इंजिन तेवढ्यावरच चालतं, त्यात कचऱ्याचा एक कण अडकला तरी गाडी थांबते. तुमचा मेकॅनिक थेट स्क्रूला हात घालतो हेच मला खटकतं, कारण स्क्रू आपोआप फिरत नाही. काल सेटिंग बरोबर होती आणि आज बिघडली तर बिघाड दुसरीकडे झालाय, आणि स्क्रू फिरवून आपण तो फक्त झाकतो.

घरीच एक करून बघा. इंजिन पूर्ण गरम, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि डगमगत चालत असताना चोक हळूहळू थोडासा ओढा, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. आयडल सुधारला तर मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे आयडल जेट तुंबलाय किंवा गाडी कुठून तरी एअर घेतेय. उलट आणखी घुसमटली तर पेट्रोल आधीच जास्त जातंय. मात्र स्क्रू आधीच फिरवलेले आहेत, त्यामुळे ते मूळ जागी आणल्यावर ही टेस्ट परत करा, तिचाच निकाल खरा धरा.

एअर घेत असेल तर कार्ब्युरेटरच्या खालचं गॅसकेट, त्याचे सैल झालेले नट आणि मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीला) लागलेले सगळे व्हॅक्युमचे रबरी पाइप बघायचे. हे पाइप टोकाला, क्लिपजवळ चिरतात आणि वरून धडधाकट दिसतात, वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. कार्ब्युरेटरला वायरवाला सोलेनॉइड (करंटवर उघडणारी झडप) असेल तर इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि त्याचं कनेक्शन काढून परत लावा, टिक् असा आवाज यायला हवा. आवाज नाही तर करंट येत नाही किंवा सोलेनॉइड गेला, आणि मग आयडलचं पेट्रोल तिथेच अडतं. कनेक्शन लावताना पेट्रोलची गळती नाही ना ते आधी बघा, ठिणगी उडू शकते.

जेट साफ करताना तार घालू देऊ नका, हे ठणकावून सांगा. जेट पितळेचा असतो, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. क्लीनर मारायचा आणि कॉम्प्रेसरची हवा, बस. नंतर मिक्श्चर स्क्रू बोटाच्या जोराने, हलकेच शेवटपर्यंत आत न्यायचा (आवळला तर टोकाला खाच पडते) आणि साधारण दीड ते दोन फेरे बाहेर काढून तिथून सेटिंग सुरू करायचं. इंजिन गरम, चोक पूर्ण आत, एअर फिल्टर बसवलेला. आयडल ८०० ते ९०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास बसला की पुरे.

वासाचं मात्र हलक्यात घेऊ नका. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा लेव्हल न भरता वर चढलेली दिसली तर पंपाचा डायाफ्राम (आतला पडदा) फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता आहे, असं पातळ ऑइल बेअरिंग खातं, तेव्हा गाडी चालवूच नका, पंप बघा आणि ऑइल बदला. काडी ठीक असेल तर फ्लोटची नीडल (कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल अडवणारी सुई) बघायची, ती नीट बसत नसेल तर कार्ब्युरेटर भरून वाहतो.

प्रश्न : प्रीमियर पद्मिनी आहे. मे महिन्यात कल्याणहून येताना कसारा घाटात बंद पडली, अर्धा तास थांबलो की परत चालू. कोणी म्हणतं व्हेपर लॉक, कोणी म्हणतं कॉइल. – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही असू शकतं, व्हेपर लॉक (पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होणं) किंवा कॉइल (स्पार्कसाठी करंट देते ती), कारण गरम झाली की कॉइलही अशीच दगा देते आणि थंड झाली की परत चालते. म्हणून बंद पडल्या पडल्याच बघायचं, अर्ध्या तासाने बघून काही कळत नाही. एअर फिल्टर काढा, इंजिन बंदच असू द्या आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल हाताने झटक्यात उघडा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर पेट्रोल आहे, कॉइल आणि कंडेन्सरकडे, म्हणजे स्पार्कच्या बाजूला वळा. काहीच उडालं नाही तर आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं भोक बंद झालंय, हा सगळ्यात स्वस्त इलाज आणि कोणी बघतच नाही.

ते नसेल तर व्हेपर लॉक. पंप इंजिनलाच लागलेला, तो टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असतो म्हणून पेट्रोल तिथे लवकर उकळतं, आणि घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर रडत चढत असताना बॉनेटखाली हवाही खेळत नाही. पंपावर ओलं फडकं टाकलं की रस्त्यापुरतं काम होतं. कायमचं म्हणाल तर पेट्रोलची लाइन सायलेन्सरच्या पाइपपासून लांब घ्या, पंपाखालचा उष्णता अडवणारा जाड पॅकिंग ब्लॉक कोणी काढून टाकलाय का ते बघा. इलेक्ट्रिक पंप लावायचाच तर कमी प्रेशरचा, टाकीजवळ. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाडीचा पंप चुकूनही नको, त्याचं प्रेशर दहापटीच्या आसपास असतं, फ्लोटची नीडल ते अडवू शकत नाही आणि गरम इंजिनवर पेट्रोल सांडणं म्हणजे आगीला निमंत्रण.

प्रश्न : गाडी गंगापूर रोडच्या बंगल्यात महिनोन् महिने उभी असते. हल्ली पेट्रोलचे पाइप चिकट होतात, फिल्टरमध्ये तपकिरी गाळ येतो. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे का? – एक वाचक

उत्तर : बऱ्याच अंशी हो. पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच. नव्या गाड्यांना सेन्सर असतो, त्या जुळवून घेतात, कार्ब्युरेटरला ते कळत नाही म्हणून मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल थोडा डगमगतो. त्यासाठी मिक्श्चर स्क्रू किंचित बाहेर घेणं रास्त आहे. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीतला वर्षांचा गंज आणि थर सोडवून फिल्टरमध्ये आणतं, आणि पाणीही ओढतं, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. फिल्टरमधलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर बाहेर, घरापासून लांब ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल.

पाइप, पंपाचा डायाफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किट इथेनॉलला चालणारंच मागा, दुकानदार साधा काळा पाइप पुढे करेल, तो घेऊ नका. महिनाभर उभी राहणार असेल तर शेवटच्या दिवशी पंपाकडून येणारा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, आणि आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपू द्या, म्हणजे जेटमध्ये थर बसत नाही. पावसाळ्यापूर्वी टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा जमते.