फिल्टर चालले की थंडरबर्ड बंद पडतो

प्रश्न : मी साताऱ्यात कर सल्लागार आहे. दहा वर्षांची सगळी मेल थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये आहे. विंडोज, पॉप अकाउंट (म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेणारं). बँका, जीएसटी, प्राप्तिकर आणि एकेक अशील असे मिळून, आलेली मेल आपोआप त्या-त्या फोल्डरात टाकणारे ४३ फिल्टर लावलेत. गेला पंधरवडा सकाळी मेल उतरायला लागली की खिडकी पांढरी पडते आणि प्रोग्रॅमच बंद. काही मेल दोन-दोनदा दिसतात. संगणकवाल्यांनी थंडरबर्ड काढून नव्याने टाकला, फरक शून्य. आता ते सगळे फिल्टर पुसा म्हणतात. विवरणपत्रांचे दिवस तोंडावर आहेत. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फिल्टर पुसू नका. दहा वर्षं अशिलागणिक बसवलेली घडी आहे ती. शिवाय अशा तक्रारींत मी आजवर जे पाहिलं, त्यात दुखणं फिल्टरमध्ये क्वचितच निघालं. फिल्टर ज्या फोल्डरात मेल टाकायला जातो, तो फोल्डर बिघडलेला असतो.

प्रोग्रॅम नव्याने टाकून फरक का पडला नाही, तेही यातच आलं. तुमची मेल, फिल्टर, सेटिंग हे सारं ‘प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात राहतं. प्रोग्रॅम काढला तरी ते जागेवरच असतं आणि नव्या थंडरबर्डला तेच जुनं दुखणं मिळतं.

म्हणून पहिलं काम प्रोफाइलचं. ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’चं बटण आहे. ते दाबा, थंडरबर्ड बंद करा आणि अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. हे झाल्याशिवाय पुढची एकही पायरी करू नका, ही कळकळीची विनंती.

आता नेट बंद करून थंडरबर्ड उघडा. मेल उतरणार नाही, फिल्टर आपणहून चालणार नाहीत, तुम्हाला शांतपणे काम करता येईल. ‘मेसेज फिल्टर्स’च्या खिडकीत सगळ्या ४३ फिल्टरांच्या खुणा काढा. मग नेट सुरू करून मेल उतरवा. नीट उतरली तर गुन्हेगार या ४३ मध्येच आहे. तरीही बंद पडला तर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू करा. ‘ट्रबलशूट मोड’मध्ये अॅड-ऑन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, गप्प राहतात, म्हणजे दोष त्यांचा आहे का ते कळेल.

गुन्हेगार शोधायला एकेक फिल्टर तपासत बसू नका. त्याच खिडकीत खाली फोल्डर निवडून ‘रन नाउ’ म्हणायची सोय आहे. निम्मे फिल्टर निवडा, इनबॉक्सवर चालवा. बंद पडला तर दोष त्या निम्म्यात, नाही पडला तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मे. ४३ फिल्टर असले तरी पाच-सहा फेऱ्यांत एक हाती लागतो. चाचणीला त्या फिल्टरांत बसणारी एखादी मेल मात्र इनबॉक्समध्ये हवी, नाहीतर फिल्टर नुसताच फिरून परत येईल. एका छापखान्याच्या संगणकावर मी असाच शोध घेतला, तेव्हा २६ पैकी फक्त ‘कोटेशन’ फोल्डरात मेल नेणारा फिल्टर सापडला. फोल्डर दुरुस्त केला, फिल्टरला हातही लावावा लागला नाही.

ही दुरुस्ती जपून करायची. नेहमीच्या मांडणीत थंडरबर्ड एका फोल्डरची सगळी मेल एकाच फाइलमध्ये, एकापाठोपाठ एक लिहितो. ‘बँक’ फोल्डर असेल तर ‘बँक’ नावाची, शेपूट नसलेली फाइल. शेजारी त्याच नावाची, शेवटी एमएसएफ असलेली दुसरी फाइल, ही अनुक्रमणिका. बिघडते ती बहुधा हीच. फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ दाबा, ती नव्याने बनते. तेवढ्यानेही थंडरबर्ड बंद पडत असेल तर तो पूर्ण बंद ठेवून फक्त एमएसएफवाली फाइल हलवून डेस्कटॉपवर ठेवा. उघडताना नवी तयार होईल. रकान्यांची मांडणी तेवढी परत लावावी लागेल. शेपूट नसलेल्या फाइलला मात्र बोट लावू नका, त्या फोल्डरची सगळी मेल तिच्यातच आहे.

फोल्डर दुरुस्त झाला की ‘कॉम्पॅक्ट’ करा. पुसलेली मेल दिसेनाशी होते, पण कॉम्पॅक्ट करेपर्यंत फाइलमध्ये तशीच पडून राहते आणि इनबॉक्सची फाइल फुगत जाते. अँटीव्हायरसलाही प्रोफाइल फोल्डर वगळायला सांगा. फिल्टर फाइलमध्ये लिहीत असताना त्याने तीच फाइल तपासायला धरून ठेवली की अनुक्रमणिका बिघडू शकते.

दोनदा आलेल्या मेलची धास्ती नको. उतरवण्याचं काम मध्येच तुटलं की कुठवर उतरलं याची नोंद पुरी होत नाही, म्हणून तीच मेल पुन्हा येते. मूळ दुखणं गेलं की हेही थांबेल.

फिल्टरमध्ये एकच बदल सुचवते. ‘बॉडी’त शब्द शोधणारे जितके असतील तितके ‘फ्रॉम’ किंवा ‘सब्जेक्ट’वर आणा. बॉडी म्हटलं की प्रत्येक मेलचा मजकूर वाचावा लागतो, आणि जोडपत्रांनी जड झालेल्या तुमच्या मेलवर तो भार नको.

एवढं करूनही बंद पडलाच, तर ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्येच ‘क्रॅश रिपोर्ट्स’ची यादी आहे. तिथला ‘बीपी’पासून सुरू होणारा क्रमांक आणि कोणत्या फिल्टरवर अडलं ते मला लिहून पाठवा, पुढच्या अंकाची वाट न पाहता उत्तर देते.