चार सह्यांचं घर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार बेडरूम, मोठा हॉल, दोन बाल्कन्या. तिघं पक्के, ‘चौथं कुणीतरी मिळेलच’, आणि एजंट रविवारपर्यंत पैसे भरा म्हणतोय. घर घेऊ नको असं मी म्हणणार नाही. चौघांनी मिळून मोठं घर घेतलं की माणशी भाडं बहुधा हलकं पडतं आणि थकून आल्यावर घरात माणसाचा आवाज असतो, याचं मोल मला ठाऊक आहे. पण त्या चौथ्या माणसाचा विषय तू एका ओळीत उरकलास, आणि मला नेमकं त्याच्यावरच लिहायचंय.

भाडेकरार हातात आला की आधी एक गोष्ट शोध: सगळे भाडेकरू ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ जबाबदार आहेत, असं कुठे लिहिलंय का. मोठ्या घराच्या एकत्र करारात हे कलम बऱ्याचदा असतं. त्याचा अर्थ असा, की चौघांपैकी एकाने भाडं थकवलं तर मालक उरलेल्या कुणाही एकाकडे सगळी थकबाकी मागू शकतो. ‘मी माझा चौथा हिस्सा दिला’ हे उत्तर तिथे चालत नाही. प्रत्येक खोलीचा वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी, म्हणून आधी विचारून घे की करार एक आहे की चार.

मला हे उशिरा कळलं. तुझ्याच वयाची असताना आम्ही चौघींनी असंच घर घेतलं होतं. पाचव्या महिन्यात एकीची नोकरी दुसऱ्या शहरात गेली. ती सामान बांधत होती आणि आम्ही तिला खोकी आणून देत होतो. कुणाच्याच मनात पैशाचा प्रश्न आला नाही. पहिल्या तारखेला मालकाने पूर्ण भाडं मागितलं आणि करारानुसार त्याचं बरोबर होतं. करार संपायला सात महिने होते. तिला वाटत होतं, घर सोडलं म्हणजे देणं संपलं. आम्हाला वाटत होतं, तिची सही आहे तोवर देणं आहे. भांडण झालं नाही, नुसतं बोलणं बंद झालं, आणि ते कित्येक वर्षं बंद राहिलं. घरात शिरण्याआधी तासभर बसून बोललो असतो तर ती मैत्रीण राहिली असती, असं मला आजही वाटतं.

म्हणून तुम्ही आपसांत एक कागद करा. मालकाशी होणाऱ्या करारापेक्षा वेगळा, साध्या भाषेतला, चौघांच्या सहीचा. मध्येच कुणी निघालं तर किती दिवस आधी सांगायचं, बदली माणूस कुणी शोधायचा, तो उरलेल्यांना पसंत नसला तर काय, आणि तो मिळेपर्यंत त्या खोलीचं भाडं कोण भरणार. शेवटचा प्रश्न अवघड वाटेल, पण तोच आधी सोडवा. नवा माणूस येताना मालकाची लेखी संमती घ्या आणि करारात त्याचं नाव घालून जुनं काढून घ्या. नाहीतर गेलेला माणूस कागदावर अडकलेला राहतो आणि आलेला पोटभाडेकरू ठरतो. अनामत रकमेचंही तेच. ती बहुधा मालकाकडे एकगठ्ठा असते, तेव्हा जाणाऱ्याचा वाटा येणारा देतो. त्या दिवशी दोघांनी मिळून खोली बघावी, म्हणजे भिंतीला पडलेलं भोक नव्याच्या माथी येत नाही.

आता खोल्यांची वाटणी. भाडं समान चार भागांत वाटू, असं तू लिहिलंस. बाल्कनी आणि स्वतंत्र बाथरूम असलेली खोली एकाला, आणि स्वयंपाकघराला लागून असलेली, अरुंद खिडकीची दुसऱ्याला. दोघांचं भाडं सारखं असेल तर दुसऱ्याच्या मनात ते रोज थोडं थोडं साचत जातं. गणितातही या प्रश्नाचा विचार झालाय. फ्रान्सिस सू यांनी १९९९ साली, १९२८ मधल्या श्पेर्नरच्या प्रमेयाचा आधार घेऊन दाखवलं, की काही साध्या अटी धरल्या तर भाड्याची अशी वाटणी असतेच, जिच्यात कुणालाही दुसऱ्याची खोली हवीशी वाटत नाही. तुम्हाला इतकं खोल जायला नको. एकूण भाडं १०० माना. प्रत्येकाने इतरांना न दाखवता चारही खोल्यांची आपल्या मते किंमत लिहायची, बेरीज १०० झाली पाहिजे. मग प्रत्येकाला एकेक खोली देऊन बघायची, आणि ज्याला जी खोली मिळते तिच्यासाठी त्याने लिहिलेल्या आकड्यांची बेरीज ज्या वाटपात सर्वांत जास्त येते ते धरायचं. समजा ३२, २८, २६ आणि २२ आले. बेरीज १०८. वरचे ८ चौघांत सारखे वाटले की प्रत्येकाचे २ कमी होतात: ३०, २६, २४, २०. कुणालाच स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त द्यावं लागत नाही. मी हे दोन घरांत करून घेतलंय, आणि दोन्हीकडे लहान खोली घेणारा माणूस खूश होता.

घर बघायला चौघं मिळून जा, आणि एकदा तरी रात्री जा. दोन्ही बाथरूमचे शॉवर आणि स्वयंपाकघराचा नळ एकदम सोडा, तेवढ्यात कुणीतरी फ्लश ओढा, आणि पाण्याची धार किती बारीक होते ते बघा. सकाळी आठला तुमचं घर असंच असणार आहे. मोठ्या घरात बेडरूमपेक्षा संडास किती आहेत याला मी जास्त महत्त्व देते. एका खोलीतून दुसरीत जावं लागतं का, बाल्कनीची वाट कुणाच्या पलंगाशेजारून जाते का, ‘चौथी बेडरूम’ म्हणजे हॉलमध्ये घातलेलं पार्टिशन तर नाही ना, हे नीट पाहा. प्रत्येक खोलीला उघडणारी खिडकी हवीच.

किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा: दाराच्या चौकटीवरचा ओरखडा, सिंकखालची ओल, गादीची दुसरी बाजू, मीटरवरचे आकडे. ते त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

रविवारचं दडपण घेऊ नकोस. घर आतून बघितल्याशिवाय आणि समोरचा माणूस खरोखर मालक किंवा त्याने नेमलेला आहे याची खात्री झाल्याशिवाय एक पैसाही देऊ नकोस. आणि चौथं माणूस सापडलं नाही, तर पूर्ण भाडं तिघांत भागून बघ. तो आकडा तिघांनाही वर्षभर झेपत असेल तरच हे घर तुमचं. झेपत नसेल तर तीन बेडरूमचं बघा.

कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. घर सोडण्याचं कलम आपण दोघं मिळून आधी वाचू, बाकीचं नंतर.

तुझी,
मावशी