टोल माफ, कर माफ, पण गाडी परवडते का?

नमस्कार ताई,

तुमचे पत्र वाचले. नाशिकमध्ये नोकरी, महिन्याला ६०० किलोमीटर फिरणे, वर्षातून दोनदा समृद्धीने नागपूरला माहेरी. सात वर्षांची पेट्रोल गाडी देऊन इलेक्ट्रिक घ्यावी का, हा प्रश्न. शिवाय दिरांचा टोमणा, ‘आमच्या पेट्रोलच्या करावर तुमची गाडी धावणार!’

आधी हिशेब. इलेक्ट्रिक ऑन-रोड १३ लाख ८० हजार, तशीच नवी पेट्रोल गाडी १० लाख ३० हजार. फरक साडेतीन लाखांचा. पेट्रोल १०४ रुपये आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर महिन्याला ४,१६० रुपये जातात. घरी चार्जिंग केले, तर १० रुपये युनिटने हजारभर. वर्षाला वाचले ३८ हजार. समृद्धीवर इलेक्ट्रिक गाडीला टोल माफ आहे, त्याचे वर्षाचे साडेचार हजार धरूनही फरक भरून निघायला आठ वर्षे लागतात, आणि बॅटरीची हमीही बहुधा आठच वर्षांची असते. त्यात सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर बसवायला अजून होकार दिलेला नाही. बाहेर २० रुपये युनिटने चार्ज करायची वेळ आली, तर अकरा वर्षे उलटतील.

शोरूमवाल्याने सांगितलेली कर्जाच्या व्याजावरची दीड लाखाची वजावट विसरा. प्राप्तिकरातले हे कलम ८०ईईबी ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतेच होते.

आता दीर. त्यांचे निम्म्याहून अधिक बरोबर आहे. तुमच्या गाडीची मूळ किंमत १३ लाख. तेवढ्याच किमतीच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के, म्हणजे १ लाख ५६ हजार रुपये वाहनकर बसला असता, तो राज्य सोडून देते. जीएसटी ५ टक्के, छोट्या पेट्रोल गाडीला १८. पेट्रोलच्या करात रस्त्यांसाठीचा उपकर असतो, तो तुम्ही देणार नाही. रस्ता मात्र तेवढाच झिजवणार. दारोदार पार्सल पोचवणारा मुलगा पेट्रोलच्या दुचाकीवर हा उपकर भरतो, आणि समृद्धीवर त्याच्या दुचाकीला प्रवेशच नाही! शहरातला धूर कमी होतो हे खरे; पण माझ्या मते ही सवलत ठरावीक किमतीपर्यंतच्या गाड्यांनाच असावी. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला होता, तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. नियम तुम्ही केलेले नाहीत. पण सवलत कायम राहील असे धरून कर्जही काढू नका. राज्याचे इलेक्ट्रिक वाहन धोरण मार्च २०३० पर्यंतचे आहे. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक गाड्यांना किलोमीटरवर आकार लावला, ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून वार्षिक कर. गाड्या वाढल्या की आपल्याकडेही कुणीतरी तिजोरीत डोकावणारच.

खरे तर तुम्ही दोन नव्या गाड्यांची तुलना करताय, आणि दारातली जुनी विसरताय. तिचा वाहनकर पंधरा वर्षांचा भरून झालाय. नऊ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता १८,७०० च्या आसपास येतो, आणि मुलाचा इंजिनीअरिंगचा प्रवेश दोन वर्षांवर आहे. तो होईपर्यंत तीच चालवा. हप्त्याची निम्मी रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाका, आणि दरम्यान चार्जरसाठी सोसायटीची एनओसी लेखी मिळवा. ती हातात नसेल, तर दोन वर्षांनीही माझे उत्तर ‘नको’ असेच असेल.