नकाशावरचा झरा हिशोबात धरू नकोस

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. तंबू कुठला, स्लीपिंग बॅग किती ग्रॅमची, सॅक दहा किलोच्या आत कशी बसवायची, आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं, की दुसऱ्या दिवशी नकाशात झरा आहे म्हणून पाणी तीनच लिटर घेते. बाकी सगळं बाजूला ठेव, मला त्या एका वाक्याने झोप लागली नाही.

नकाशातला झरा म्हणजे पाणी नव्हे. वाळवंटी डोंगरातला झरा एखाद्या वर्षी वाहतो, एखाद्या वर्षी नुसता ओला चिखल. डोळ्यांना दिसेपर्यंत ते पाणी हिशोबात धरायचंच नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या वाळवंटी नॅशनल पार्कात पार्कवालेच माणशी दिवसाला किमान 4 लिटर सांगतात, त्यात चढ आणि पाठीवर ओझं असलं की तेही कमी पडतं. लिटरमागे एक किलो, खांदे दुखणार, दुखू देत. वजन कपड्यांतून काढ, तंबूतून काढ, पाण्यातून नाही. आणि मीठ विसरू नकोस, नुसतं पाणी ढोसत राहिलीस तर रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळतं, डोकं चालत नाही.

अर्धं पाणी संपत आलं आणि पुढचं दिसत नाहीये, की मागे वळ. शिखर समोर दिसत असलं तरी वळ. म्हणूनच घळीतून उतरायचा तुझा बेत मला पटला नाही. तिथे कोरडे धबधबे असतात, घसरत खाली जाता येतं पण परत चढता येत नाही, मग वळणार कशी? जिथून वर येता येईल तिथेच उतर. कोरड्या पात्रात मुक्काम नको हे तुला माहीत असेलच, पाऊस लांबच्या डोंगरात पडतो आणि लोंढा आपल्याकडे येतो.

पाणी सापडलं की संध्याकाळचं जेवण तिथेच शिजव, पोटभर पी, बाटल्या भर आणि पुढे जाऊन झोप. तिथे रानमेंढ्या प्यायला येतात, त्यांची वाट अडवू नये.

मी कितीतरी माथे अर्ध्यावर सोडलेत. डेथ व्हॅलीतलं टेलिस्कोप पीक हे शिखर त्यातलंच, 3,366 मीटर, वरून समुद्रसपाटीच्याही 86 मीटर खालचं बॅडवॉटरचं खोरं दिसतं म्हणे. सोबतचे गेले, त्यांना पाणी मिळालं, फोटो काढून आले आणि मला घाबरट म्हणाले. अजून लागतं ते. आता गुडघे ऐकत नाहीत, तो माथा राहिला तो राहिलाच. पण त्यांना पाणी मिळालं म्हणून माझा हिशोब चुकला असं मी आजही मानणार नाही, त्यांना मिळालं हा योगायोग होता आणि योगायोगावर मी कुणाला डोंगरात पाठवत नाही, तुला तर नाहीच.

सगळे झरे खोडून नवीन यादी कर. प्रत्येक दिवसापुढे किती लिटर आणि कुठून मागे वळणार, एवढंच लिहून पाठव. तंबूचं नंतर बघू.