शर्यतीसाठी आधी रस्ता बंद व्हावा लागतो

प्रश्न : मी जालन्यातील एका पोलाद कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी सेडान आहे आणि तिची निगा मी स्वतः राखतो. अमेरिकेतील नेवाडा राज्यात सामान्य नोकरदार माणसे आपल्या रोजच्या मोटारी घेऊन सरकारी महामार्गावर शर्यतीत उतरतात, असे वाचनात आले. आमच्या मित्रमंडळींतही समृद्धी महामार्गावर जालना ते छत्रपती संभाजीनगर असे पहाटे ‘टायमिंग’ लावण्याचा बेत चालला आहे. गाड्या एकेक करून सोडायच्या, कोणी कोणाला ओव्हरटेक करायचे नाही, असे ठरले आहे. याला शर्यत म्हणता येईल का? आणि नेवाडातल्यासारख्या स्पर्धेत खरोखर भाग घ्यायचा असेल तर मार्ग कोणता? – एक वाचक, जालना

उत्तर : कायद्याचा भाग आधी निकालात काढतो, कारण त्यात शंकेला जागा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा कोणत्याही प्रकारची वेगाची चाचणी होऊ देणारा आणि तीत भाग घेणारा असे दोघेही शिक्षेस पात्र ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ओव्हरटेक न करण्याची आपली अट येथे उपयोगाची नाही, कारण घड्याळ लावून एकेक गाडी सोडणे हीच वेगाची चाचणी आहे. शिवाय समृद्धीवर टोल अंतरानुसार आकारला जातो, त्यामुळे आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ नोंदलेली असते. मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असताना साठ किलोमीटर अंतर पंचवीस मिनिटांत कापले, तर सरासरी १४४ किलोमीटर होते आणि आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच तयार करून ठेवलेला असतो. हा रस्ता ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून आखला आहे, असा युक्तिवाद आपले मित्र करतील, पण तो आकडा वळणांची त्रिज्या आणि समोर दिसणारे अंतर ठरवण्यासाठी असतो. पुढे बंद पडून उभ्या असलेल्या मालट्रकचा विचार त्यात नसतो.

आता नेवाडाकडे वळू. आपण ज्या स्पर्धेविषयी वाचले ती बहुधा ‘सिल्व्हर स्टेट क्लासिक चॅलेंज’ असावी. ती १९८८ मध्ये सुरू झाली आणि नेवाडाच्या राज्य मार्ग क्रमांक ३१८ वर, लंड ते हायको या सुमारे ९० मैलांच्या, म्हणजे १४५ किलोमीटरच्या पट्ट्यावर होते. हा पट्टा ओसाड आहे, वस्ती अगदी तुरळक आहे आणि स्पर्धेच्या काळात तो इतर वाहतुकीला अधिकृतपणे पूर्ण बंद केलेला असतो. टेक्सासमध्ये फोर्ट स्टॉक्टन ते सँडरसन आणि परत अशी ‘बिग बेंड’ नावाची स्पर्धा होते, तर नेब्रास्कात आर्नल्ड या छोट्या गावाजवळही अशीच एक भरते. या स्पर्धांना खुल्या रस्त्यावरच्या शर्यती म्हणतात खरे, पण त्या दिवशी तो रस्ता आयोजकांनी सोडलेल्या गाड्यांखेरीज कोणालाही खुला नसतो. आपल्या बेतात नेमका हाच भाग नाही, आणि तो नसल्यावर बाकी सगळे साम्य निरर्थक आहे. समृद्धीवर पहाटे विदर्भातून निघालेल्या खासगी बस असतात, रात्रभर गाडी हाकून डोळे जड झालेले चालक असतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही आपल्या स्पर्धेला संमती दिलेली नसते.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या स्पर्धेत सर्वांत वेगवान गाडी जिंकतेच असे नाही. वेगमर्यादा नसलेला सर्वांत वरचा गट सोडला, तर बाकी सर्व गट ठरलेल्या सरासरी वेगाचे असतात. ताशी ९५ मैलांपासून पाच-पाच मैलांनी ते चढत जातात. शंभर मैलांच्या गटात नाव नोंदवले, तर नव्वद मैल अंतर बरोबर ५४ मिनिटांत संपवायचे असते. ५३ मिनिटांत पोहोचणारा आणि ५५ मिनिटांत पोहोचणारा दोघेही सारखेच चुकलेले असतात. आदर्श वेळेच्या सर्वांत जवळ जो येतो तो विजेता, आणि हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो. प्रत्येक गटाला वेगाची एक कमाल सीमाही असते. ती ओलांडली की स्पर्धक बाद होतो, म्हणजे सुरुवातीला रेंगाळून शेवटी सुसाट जाण्याचा मार्गही बंद असतो. नवख्याला वरच्या गटांत प्रवेश मिळत नाही. हेल्मेट, अग्निशामक, सीटबेल्ट आणि टायर यांची तपासणी झाल्याशिवाय गाडी सुटत नाही, आणि गट जसा वरचा तशा या अटी कडक होत जातात.

टायरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण देखभाल विभागात आहात आणि आपल्याला हे पटकन पटेल. टायरच्या बाजूवर आकारमानाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते. ‘टी’ म्हणजे ताशी १९०, ‘एच’ म्हणजे २१० आणि ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. हा आकडा योग्य हवा आणि योग्य भार असलेल्या चांगल्या स्थितीतील टायरचा आहे. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्याने उष्णता वाढते आणि रबराचे थर सुटू लागतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, सिमेंटचा रस्ता त्याहून तापतो, आणि तासभर एकाच वेगाने धावणाऱ्या गाडीच्या टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. टायर कधी बनला हे सांगणारे चार अंक बाजूवरच असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असलेला, पण सहा-सात वर्षांचा टायर घेऊन जोरात जाणारे लोक पाहिले की मला त्यांच्या गाडीच्या चकचकीत पॉलिशचे नवल वाटते.

ब्रेकचे गणितही करून पाहावे. ताशी १०० किलोमीटर वेगात धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर चांगली गाडी सुमारे ८० ते ८५ मीटरमध्ये थांबते. वेग १६० केला की तेच अंतर १८५ मीटरच्या आसपास जाते. वेग दीडपटीहून थोडा अधिक वाढला आणि थांबण्याचे अंतर दुपटीच्या वर गेले, कारण गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींचे काय होते, याचा अनुभव युरोपने फार पूर्वी घेतला आहे. इटलीत १९२७ पासून ‘मिल्ले मिल्या’ ही ब्रेशिया ते रोम आणि परत अशी हजार मैलांची शर्यत गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर होत असे आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहत. मे १९५७ मध्ये ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. त्या अपघातात चालक, त्याचा सहचालक आणि नऊ प्रेक्षक मरण पावले, त्या प्रेक्षकांत पाच मुले होती. वेगाची शर्यत म्हणून ती त्यानंतर बंद झाली. १९७७ पासून त्याच नावाने जी स्पर्धा होते तीत जुन्या मोटारी धावतात, पण ती ठरलेली वेळ अचूक पाळण्याची स्पर्धा आहे.

आपल्याला मार्ग सापडेल तो येथेच. भारतात ‘टीएसडी’ म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांची रॅली होते. ती चालू रस्त्यावर होते, वाहतुकीचे सर्व नियम पाळून होते आणि नेहमीच्या गाडीने खेळता येते. आयोजक वाटेचे वर्णन असलेले रोडबुक देतात, प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेग देतात आणि वाटेत न सांगितलेल्या ठिकाणी वेळ नोंदवतात. उशिरा आल्याबद्दल जसे दंडगुण असतात तसेच लवकर आल्याबद्दलही असतात. या खेळाची देशातील मान्यताप्राप्त संस्था ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही असून तिचे मुख्यालय चेन्नईत आहे. स्पर्धा तिच्या परवानगीने होत आहे का, हे प्रवेश शुल्क भरण्याआधी पाहावे. स्पर्धकाचा परवानाही तिच्याकडूनच मिळतो. खरा वेगच हवा असेल, तर स्पर्धात्मक रॅलीचे विशेष टप्पे प्रशासनाच्या परवानगीने बंद केलेल्या रस्त्यांवर होतात आणि आपल्या राज्यात नाशिक परिसरात अशा रॅली झालेल्या आहेत. त्यासाठी मात्र रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा, बसवलेली गाडी आणि बराच खर्च करण्याची तयारी लागते.

विम्याची कागदपत्रे आज रात्रीच काढून पाहा. खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले आढळतील. टीएसडीसाठीही विमा कंपनीकडून लेखी खुलासा मागून घ्यावा, कारण गाडीची विश्वासार्हता तपासणाऱ्या चाचण्याही त्या यादीत असतात.

प्रश्न : माझे पती टीएसडी रॅलीत उतरणार आहेत आणि मी नॅव्हिगेटर म्हणून शेजारी बसावे असा त्यांचा आग्रह आहे. मी शाळेत गणित शिकवते, मला गाडी चालवता येत नाही. मी नुसती बसून काय करणार? – एक वाचक, लातूर

उत्तर : आपण नुसत्या बसणार नाही. टीएसडीत निकाल बहुतांशी नॅव्हिगेटरच्या हातात असतो, आणि चालकाने तोंड बंद ठेवून सांगितले तसे करावे अशी ही जागा आहे. (घरातही हा बदल सुखावह वाटेल.) उदाहरण घ्या. १८ किलोमीटरचा टप्पा ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीने करायचा, म्हणजे तीस मिनिटे. बाराव्या किलोमीटरला उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर आडवा आला आणि दोन मिनिटे गेली. उरलेले सहा किलोमीटर आता दहाऐवजी आठ मिनिटांत करायचे आहेत, म्हणजे सरासरी ४५ हवी. हे आपण पाच सेकंदांत सांगायचे, रोडबुकातील पुढचे वळणही त्याच वेळी सांगायचे आणि नुकसान भरून निघाले की ‘आता परत ३६’ हे न विसरता बजावायचे. गाडीचे अंतरमापक आणि आयोजकांचे अंतर यांत थोडा फरक असतोच. सुरुवातीला मोजून दिलेल्या पट्ट्यावर तो गुणक काढून घ्यावा, नाहीतर संपूर्ण दिवसाचे गणित सरकते.

चालत्या गाडीत वाचल्याने मळमळते का, हे आधी औसा किंवा निलंग्याच्या रस्त्यावर एखाद्या रविवारी तपासून घ्यावे. जेवण हलके ठेवावे.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. गाडी उत्तम चालवतो. त्याला मित्रांबरोबर बायपासवर शर्यत लावू देत नाही म्हणून रुसून बसला आहे. त्याची हौस कशी भागवावी? – एक पालक, परभणी

उत्तर : रुसू द्यावे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘उत्तम चालवतो’ हे आपले वाक्य न्यायालयात आपल्याच विरुद्ध जाईल, कारण त्याला गाडी आपण देत होता हे त्यातून सिद्ध होते. त्याला खरोखर गती असेल तर कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत, हा या वयाचा योग्य खेळ आहे. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि तेथे राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. सुट्टीत त्याला तेथे घेऊन जावे, आणि तोवर गाडीची किल्ली आपल्या खिशात ठेवावी.