पुस्तकं माजघरात, माणसं पडवीत

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा तुझा नकाशा दोन दिवस टेबलावर आहे. कौलं आहेत, जांभा आहे, मधोमध चौकही आहे. चौक कशाला रे? तो देशावरच्या वाड्यांचा. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तू तो पुस्तकांच्या मधोमध उतरवतोयस!

आपल्या घरात मधे असतं माजघर. काळोखं, पण कोरडं. पावसाची झड आधी पडवी सोसते, म्हणून आजीचे पापडाचे डबे आत टिकतात. तसंच कर. वाचणारे पडवीत, उजेडावाऱ्यात, पुस्तकं आत. पश्चिमेची ती भलीमोठी काच काढ. समुद्र दिसतो खरा, पण पाऊस तिकडूनच आडवा येतो आणि मेमधलं तिसऱ्या प्रहरचं ऊनही तिकडूनच.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. पण तो सच्छिद्र. पाणी पितो. जोतं उंच घे, डीपीसीत, म्हणजे जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थरात, कंजुषी नको, पागोळ्या भिंतीपासून लांब पडू देत.

माझी चूक सांगतो. एका कॉलेजात मी मांडण्या थेट पश्चिमेच्या भिंतीला टेकवल्या होत्या. ऑगस्टमध्ये ग्रंथपालबाईंनी एक जाडजूड शब्दकोश माझ्या हातात दिला. पुठ्ठ्यावर हिरवट मखमल चढलेली. बोट फिरवलं तर बोटाला भुकटी. बाई काहीच बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी भिंत आणि मांडणी यांत वीतभर फट सोडतोच.

मात्र परंपरेने सगळं भागत नाही. पडवी पाऊस अडवते, हवेतला दमटपणा नाही. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांपुढे राहिली की बुरशी धरते, आणि आपला जुलै त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून फक्त माजघराला घट्ट दारं आणि हवेतला ओलावा ओढून घेणारा डीह्युमिडिफायर दे, तोही रात्रंदिवस चालणारा. दिवसा एसी लावून रात्री बंद करणं सगळ्यात वाईट. लहान गाभा असेल तर विजेचं बिलही आवाक्यात राहील.

हो, आणि मांडण्या वरच्या मजल्यावर नेऊ नकोस. त्यांचा भार राहत्या खोलीच्या निदान तिप्पट धरावा लागतो.

पाऊस लागला की ये. नकाशा राहू दे, छत्री आण. आमच्या जुन्या घराच्या वळचणीखाली उभं राहू आणि पाणी कुठपर्यंत उडतं ते खडूने आखू.

तुझा,
काका