५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज ११ आहे, सोबत लिनक्स मिंटही टाकायचं आहे, पार्टिशन (डिस्कचे वेगळे भाग) कशी पाडू? मिंटसाठी सहा करायचा विचार आहे.

विंडोज आधीपासून आहे आणि मिंटसाठी तुम्ही रूट (मुख्य सिस्टीम), होम (तुमच्या फाइली), बूट, स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), डेटा, बॅकअप अशी सहा पार्टिशन पाडायचं म्हणताय. माझ्या मते दोन पुरेत, एक डेटासाठी आणि एक मिंटसाठी. ५१२ म्हणजे विंडोजच्या हिशेबात ४७६ जीबीच. त्याचे इतके तुकडे केले की रूट भरून वाहतं आणि होममध्ये जागा नुसती पडून राहते.

माझी वाटणी अशी: सी ला (विंडोजचा ड्राइव्ह) २०० जीबी, त्याला लागून १७० च्या आसपास डेटा (एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टीम, दोन्हीकडून वापरता येते), आणि उरलेले १०० मिंटच्या रूटला, एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये. क्रम बदलू नका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवायचा तर त्याच्या लगेच उजवीकडची जागाच चालते. तिथे मिंट बसलं की सी अडकला. डेटा असेल तर तो बाहेर कॉपी करून पार्टिशन उडवता येतं. मिंटला १०० जास्त वाटतील, पण टाइमशिफ्टचे (मिंटमधलं सिस्टीम बॅकअपचं साधन) स्नॅपशॉट एनटीएफएसवर जात नाहीत, तेही रूटमध्येच राहणार.

स्वॅपसाठी मिंट स्वतःच फाइल बनवतं. लिनक्समध्ये हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून बंद होणं) हवंच असेल तरच वेगळं पार्टिशन करा, रॅमएवढं. संगणक सुरू करणाऱ्या फाइली असलेलं ईएफआय पार्टिशन बहुतेक १०० एमबीचं असेल. मिंटचं ग्रब (सुरुवातीला सिस्टीम निवडायचा मेन्यू) त्यात आरामात मावतं, नवीन नको. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडा आणि ईएफआय पार्टिशनपुढच्या फॉरमॅटच्या चौकोनात टिक नाही ना, हे दोनदा बघा. शेवटचं छोटं रिकव्हरी पार्टिशनही तसंच राहू द्या.

सी श्रिंक (लहान) करताना १५० जीबी रिकामे असूनही विंडोज ४० च सोडायला तयार होईल. मध्येच बसलेल्या पेजफाइल (विंडोजचं स्वॅप), हायबरनेशन फाइल जागच्या हलत नाहीत, म्हणून. दोन्ही तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करा, मग श्रिंक करा.

फास्ट स्टार्टअप मात्र कायमचं बंद. ते चालू असलं की 'शट डाउन' करूनही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. मग डेटा पार्टिशन मिंटमध्ये नुसतं वाचता येतं, फाइल सेव्ह होत नाही, आणि लोक परवानग्यांना दोष देत बसतात. जबरदस्तीने माउंट केलंत (लिहिण्यासाठी जोडलंत) तर फाइली खराब होण्याची भीती. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये ती टिक सापडेल.

नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं. बिटलॉकरची (विंडोजचं हेच एन्क्रिप्शन) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर बूटमध्ये बदल झाल्यावर विंडोज तीच मागत बसेल. आणि बॅकअप त्याच एसएसडीवर नकोच, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, तोही श्रिंक करायच्या आधी.